काखेतील ग्रंथी काढल्यानंतर हाताला आलेली सूज : मालीश करावे का, आणि कोणाकडून?

प्रश्न : भांडुपची सून

सर्वांना नमस्कार.

माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी परळच्या एका रुग्णालयात त्यांच्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी काखेतील लसीकाग्रंथीही काढाव्या लागल्या आणि पुढे केमोथेरपी व रेडिएशन हे दोन्ही उपचार पूर्ण झाले. प्रकृती चांगली सावरली असून घरातली बहुतेक कामे त्या पूर्वीप्रमाणे करू लागल्या आहेत. मात्र दिवाळीच्या सुमारास उजव्या हातातील पाटली निघेनाशी झाली, ब्लाउजची बाही दंडाला काचू लागली आणि आता उजवा हात डाव्यापेक्षा जाड असल्याचे पाहताक्षणी कळते. हात दुखत नाही, परंतु जड वाटतो. सायंकाळी सूज वाढते आणि रात्री हात उशीवर ठेवून झोपल्या की सकाळी थोडी उतरलेली असते.

यावर घरात तीन मते आहेत. आमच्या आत्येसासूबाईंच्या मते, ज्या मालीशवाल्या बाईंनी आमच्या घरातील सर्व बाळंतपणे सांभाळली, त्यांनाच बोलावून कोमट तेलाने मनगटापासून खांद्यापर्यंत चांगले दाबून मालीश करून घ्यावे. शेजारच्या ताईंनी जवळच्या एका स्पामध्ये ‘लिम्फॅटिक ड्रेनेज’चे पॅकेज असल्याचे सांगितले आहे, शरीरातील विषारी द्रव्ये त्याने बाहेर पडतात, असे त्यांच्या पत्रकात लिहिलेले आहे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की, औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून घट्ट बांधले की काम होईल. त्यात एका नातेवाइकांनी मालिशीने कर्करोग अंगभर पसरतो असे सांगितल्यापासून सासूबाई कोणालाच हाताला हात लावू देत नाहीत.

रुग्णालयातील पुढील तपासणीस अजून काही आठवडे आहेत आणि गर्दीच्या लोकलने त्यांना परळला नेणे सोपे नाही, म्हणून तोपर्यंत घरी काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


उत्तर : निवृत्त फिजिओथेरपिस्ट, माहीम

भांडुपच्या ताई, आपण वर्णन केलेली सूज वाचून प्रथम लिम्फेडेमाच आठवतो, म्हणजे लसीकेचा निचरा अडल्यामुळे येणारी सूज. तरीही आधी निदान आणि मग मालीश हा क्रम कृपया बदलू नका. कर्करोगाच्या उपचारानंतर हात नव्याने सुजतो तेव्हा तीन गोष्टी आधी वगळाव्या लागतात : हाताच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, त्वचेखाली जंतुसंसर्ग होणे आणि काखेत आजार पुन्हा उद्भवणे. डॉक्टर काख व मान तपासतात, गरज वाटल्यास शिरांची डॉपलर सोनोग्राफी करतात आणि मग पुढचा मार्ग ठरतो. त्यामुळे ठरलेल्या तारखेची वाट न पाहता ओपीडीत दूरध्वनी करून ‘नवीन सूज आली आहे’ एवढे सांगा. अशा रुग्णाला सहसा लवकर बोलावतात. लोकलच टाळायची असेल, तर दुपारच्या वेळी टॅक्सीने जा, पण जा.

आता ही सूज का येते ते पाहू, कारण ते समजले की तिन्ही घरगुती मतांचे उत्तर आपोआप मिळते. केशवाहिन्यांतून पेशींभोवती सतत द्रव झिरपत असतो आणि त्याबरोबर काही प्रथिनेही बाहेर येतात. ही प्रथिने व उरलेला द्रव परत रक्तात नेण्याचे काम लसीकावाहिन्या करतात आणि हाताकडून येणारा त्यांचा बहुतेक मार्ग काखेतील ग्रंथींमधून जातो. ग्रंथी काढल्या आणि त्यावर रेडिएशनमुळे त्या भागात कडकपणा आला, की मार्ग अरुंद होतो व प्रथिनयुक्त द्रव हातात साचू लागतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही त्याचे कारण हेच : गोळीने पाणी कमी होते, प्रथिने जागच्या जागी राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित अभ्यासात, काखेतील ग्रंथी पूर्ण काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचातील एकीला हा त्रास झाल्याचे दिसले, तर केवळ सेंटिनल ग्रंथीची, म्हणजे लसीका प्रथम जेथे पोहोचते त्या ग्रंथीची, तपासणी झालेल्यांमध्ये हे प्रमाण शंभरात पाच-सहा इतकेच होते. सांगायचा हेतू असा की, सासूबाईंनी काही चुकीचे केले म्हणून ही सूज आलेली नाही.

या सुजेसाठी जे मालीश केले जाते, त्याला मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज, संक्षेपाने एमएलडी, म्हणतात. एमिल व एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना ते विकसित केले आणि १९३६ साली पॅरिसमध्ये मांडले. आपल्याकडच्या मालिशीशी त्याचे साम्य जवळजवळ नाही. लसीकेच्या सुरुवातीच्या वाहिन्या त्वचेच्या अगदी खाली असतात आणि इतक्या नाजूक असतात की जोराने दाबल्यास त्या उघडण्याऐवजी मिटतात. म्हणून एमएलडीमध्ये तळहात त्वचेवर सपाट ठेवून त्वचा हलकेच ताणायची आणि सोडायची, एवढेच केले जाते. तेल लावत नाहीत, कारण तेलावरून हात घसरतो आणि त्वचा ताणली जात नाही. पाहणाऱ्याला वाटते की हे काही उपचारच करीत नाहीत, नुसते गोंजारत आहेत. माझ्या नोकरीच्या काळात कित्येक नातेवाइकांनी ‘जरा जोर लावा ना’ असे सुचवले आहे.

दुसरा फरक क्रमाचा आहे. मनगटापासून वर दाबत नेण्याची आपली पद्धत येथे उलटी पडते. एमएलडीची सुरुवात मानेपासून होते, मग निरोगी बाजूची काख व सुजलेल्या बाजूची जांघ, मग छाती व पाठ, त्यानंतर दंड आणि सर्वांत शेवटी पुढचा हात व बोटे. दादरच्या पुलावर पुढची माणसे उतरल्याशिवाय मागच्यांना ढकलून काहीच साध्य होत नाही, तसाच हा प्रकार आहे. सासूबाईंच्या बाबतीत उजव्या काखेचा मार्ग अरुंद झालेला असल्याने द्रव छातीवरून डाव्या काखेकडे आणि कुशीवरून उजव्या जांघेकडे वळवावा लागतो. हे नकाशे शिकलेल्या व्यक्तीनेच करावे, निदान सुरुवातीला.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. एमएलडी हा पूर्ण उपचार नव्हे. जर्मनीतील फोल्डी दांपत्याने ज्या उपचारपद्धतीला रूप दिले, तिचे चार भाग आहेत : हे मालीश, दाब देणारे बँडेज, बँडेज बांधलेल्या स्थितीत करायचे व्यायाम आणि त्वचेची निगा. यांपैकी बँडेज हा भाग सोडून केवळ मालीश केले, तर सकाळी उतरवलेली सूज संध्याकाळपर्यंत परत येते. २०१५ च्या कॉक्रन समीक्षेचा, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्याचा, निष्कर्षही साधारण असाच आहे : एमएलडी सुरक्षित आहे आणि बँडेजच्या जोडीला, विशेषतः सौम्य ते मध्यम सुजेत, त्याचा काही अधिक लाभ होऊ शकतो. सूज येऊच नये म्हणून व्यायाम व मार्गदर्शनाच्या जोडीला एमएलडी देऊन पाहिलेल्या २०११ च्या बेल्जियन चाचणीत मात्र त्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे ज्या वस्तूची जाहिरात सर्वाधिक होते, ती या चौकडीतील बहुधा सर्वांत कमी परिणामकारक वस्तू आहे, असे माझे मत आहे. काही सहकाऱ्यांना ते पटत नसे, याचीही नोंद करतो.

आपल्या यजमानांचा विचार दिशेने बरोबर आहे, पण साधन चुकीचे आहे. क्रेप बँडेज ताणले जाते. त्यामुळे हात स्वस्थ असतानाही ते आवळत राहते आणि हात हलवला की सैल पडते. या उपचारासाठी शॉर्ट-स्ट्रेच, म्हणजे फारसे न ताणले जाणारे, बँडेज कापूस किंवा फोमच्या थरावर गुंडाळतात. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा या बँडेजला अडून द्रव पुढे सरकतो आणि विश्रांतीत दाब कमी राहतो. बोटांपाशी दाब अधिक व खांद्याकडे कमी असावा लागतो. घरी क्रेप घट्ट बांधताना बरेचदा कोपरावर नाहीतर दंडावर फास बसतो आणि त्याखालचा हात, विशेषतः तळहाताची मागची बाजू, अधिकच सुजते. तेव्हा ते नकोच.

स्पाविषयी थोडक्यात. ‘विषारी द्रव्ये बाहेर काढणे’ हे काम यकृत व मूत्रपिंडे करतात, आणि ज्या पत्रकात हा दावा असेल तेथे काखेच्या शस्त्रक्रियेनंतरचा हात देऊ नये. त्याऐवजी आपल्याच रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात चौकशी करा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये या रुग्णांचा मोठा अनुभव आहे, आणि केईएम, सायन व नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही फिजिओथेरपी विभाग आहेत. खासगी व्यक्तीकडे जाणार असाल, तर तिची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि लिम्फेडेमाचे स्वतंत्र प्रशिक्षण झाले आहे का, हे मोकळेपणाने विचारा. अमेरिकेत या विषयाच्या प्रमाणपत्रासाठी किमान १३५ तासांचे प्रशिक्षण मागितले जाते, यावरून दोन दिवसांच्या कार्यशाळेचे मोल ठरवावे. पहिल्या भेटीत दोन्ही हातांची टेपने मोजमापे न घेता जी व्यक्ती थेट मालिशीला सुरुवात करते, तिच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

कर्करोग पसरण्याची भीती : हलक्या हाताच्या एमएलडीमुळे कर्करोग पसरतो याला आधार सापडलेला नाही. जेथे गाठ आहे किंवा जेथे निदान न झालेला उंचवटा आहे, तेथे चोळू नये, इतकी काळजी पुरेशी असते, आणि म्हणूनच आधी डॉक्टरांनी काख तपासावी असे म्हटले. सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आपण सांगितल्याने त्यांची भीती जाणार नाही.


उत्तर : गिरगावकर

मी स्वतः याच मार्गावरून गेले आहे आणि गेली अनेक वर्षे डाव्या हाताला स्लीव्ह, म्हणजे दाब देणारी लवचीक बाही, घालते. वरील उत्तरात उपचार नेमके सांगितले आहेत, त्यामुळे मी फक्त मुंबईत राहून हे कसे निभावते ते लिहिते.

सुरुवातीचे काही आठवडे बँडेज जवळजवळ अहोरात्र बांधलेले असते. त्या काळात स्वयंपाक, धुणे आणि केस विंचरणे या तिन्ही गोष्टींसाठी कोणाची तरी मदत लागते, हे घरच्यांनी आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर रुग्ण तिसऱ्या दिवशी बँडेज सोडून कणीक मळायला बसते. त्यानंतर हाताच्या मापाची स्लीव्ह मिळते. तळहात सुजत असेल, तर स्लीव्हबरोबर हातमोजाही लागतो. तो न घेतल्यास सगळी सूज बोटांत उतरते. मे महिन्याच्या दमट हवेत स्लीव्ह नकोशी होते, हे खरे आहे. मी दोन स्लीव्ह ठेवते, एक रोज रात्री हाताने धुऊन सावलीत वाळवते आणि त्वचेला मॉइश्चरायझर सकाळी न लावता रात्री स्लीव्ह काढल्यावर लावते, कारण तेलकट पदार्थांनी तिचे लवचीक धागे लवकर सैल पडतात.

लोकलमध्ये त्या हाताने वरचे हँडल धरून लटकू नये, आणि जड पर्स त्या खांद्याला अडकवू नये. बांगड्या घालायच्याच असतील, तर दुसऱ्या हातात घालाव्यात. हळदीकुंकवाला कोणी आग्रहाने हिरव्या बांगड्या चढवू लागले की मी डावा हात पदराखाली घेते. विळीवर नारळ खवताना, गरम तव्याजवळ आणि मोदकांच्या वाफेजवळ काळजी घ्यावी. हे सोवळेपण वाटू शकते, पण त्यामागे कारण आहे : या हाताचा निचरा मंद असल्याने त्यात शिरलेले जंतू लवकर पसरतात. एका पावसाळ्यात मनगटावरचे डासाने चावलेले ठिकाण मी खाजवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लाल, गरम होऊन हुडहुडी भरून ताप आला. त्याच दिवशी डॉक्टरांनी प्रतिजैविके सुरू केली म्हणून घरीच निभावले. हात लाल व गरम असेल आणि ताप असेल, तर त्या काळात मालीश, बँडेज, सगळे थांबवायचे आणि आधी डॉक्टर गाठायचे, हे मला फिजिओथेरपिस्टनी पहिल्याच दिवशी लिहून दिले होते. ती चिठ्ठी आजही फ्रीजच्या दारावर आहे.

व्यायामाबाबत मात्र लोक विनाकारण घाबरवतात. ‘त्या हाताने काही उचलू नको’ असे मला प्रत्येकाने सांगितले. प्रत्यक्षात २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लिम्फेडेमा असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजने उचलली तरी सूज वाढली नाही. उलट लक्षणे कमी झाली आणि ताकद वाढली. मी स्लीव्ह घालून पाण्याच्या छोट्या बाटलीपासून सुरुवात केली. रक्तदाब मोजणे व सुई टोचणे यांबद्दलही २०१६ च्या एका अभ्यासात त्यांचा सुजेशी संबंध आढळला नाही. संसर्ग आणि वाढलेले वजन यांचा मात्र आढळला. दुसरा हात मोकळा असताना मी अजूनही तोच पुढे करते, पण तातडीच्या वेळी परिचारिकेशी वाद घालत नाही.


उत्तर : वैद्य, ठाणे

तेलाच्या मालिशीचा प्रश्न निघाला आहे, म्हणून आयुर्वेदाच्या बाजूने लिहितो. अभ्यंग सर्वांना सर्वकाळ हितकर आहे, असा समज रूढ आहे, परंतु शास्त्रात त्याचे निषेधही स्पष्ट दिलेले आहेत. कफग्रस्त, अजीर्ण झालेल्या आणि नुकतेच शोधन (पंचकर्म) झालेल्या व्यक्तीस अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. जड, थंड, दाबल्यावर खळगा पडणारी सूज ही कफप्रधान मानली जाते; तिच्यावर कोमट तेल चोळण्याचा सल्ला मी देणार नाही. बाळंतिणीला जे मालीश उपकारक ठरते, त्यातील ऊब, जोर व तेल या तिन्ही गोष्टी या हातासाठी प्रतिकूल आहेत. उष्णतेने त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि झिरपणारा द्रवही वाढतो, म्हणून शेक व गरम पाण्याची पिशवीही टाळावी.

केरळमधील कासारगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मॅटॉलॉजीचे काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. हत्तीरोगाने सुजलेल्या पायांसाठी त्यांनी त्वचेची स्वच्छता, वनौषधींच्या फांटात, म्हणजे गरम पाण्यात भिजवून काढलेल्या अर्कात, पाय बुडवणे, योगासने व श्वसन आणि दाब देणारे बँडेज अशी एकत्रित पद्धत बसवली आहे. आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्या या पद्धतीतही बँडेज वगळलेले नाही, हे ‘फक्त आमचे तेल लावा’ असे सांगणाऱ्या जाहिराती वाचताना ध्यानात ठेवावे. दीर्घ श्वसनाचा उपयोग मात्र सासूबाईंना आजपासून होऊ शकेल : पोट फुगवून सावकाश घेतलेल्या श्वासाने छातीतील दाब बदलतो आणि मुख्य लसीकावाहिनी शिरेत रिकामी होण्यास साहाय्य होते. यासाठी परळला जाण्याची गरज नाही.


उत्तर : पार्लेकर

या धाग्यात थोडा वेगळा, पण जवळचा प्रश्न विचारतो. माझ्या वडिलांच्या गुडघ्याचे सांधेरोपण नुकतेच झाले आहे. पाय सुजलेला आहे आणि पोटरीत दुखते, म्हणून घरी येणारे एक गृहस्थ रोज पोटरी दाबून देतात. त्याने वडिलांना बरे वाटते. हे चालू ठेवावे का?


उत्तर : निवृत्त फिजिओथेरपिस्ट, माहीम

पार्लेकर, पोटरी दाबणे आजच थांबवा. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांधेरोपणानंतर काही आठवडे पोटरीच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो. रक्त पातळ ठेवणारे औषध त्यासाठीच दिलेले असते. अशी गुठळी असताना पोटरी दाबली, तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो आणि ते जिवावर बेतते. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याभोवती काही महिने थोडी सूज राहणे स्वाभाविक आहे, पण पोटरी दुखते आहे, गरम किंवा ताठर लागते आहे, असे असेल तर आजच शल्यविशारदांना कळवा. ते डॉपलर करून घेतील. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर कोणाला विचारत न बसता रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत घोटा वर-खाली हलवणे, सांगितल्याप्रमाणे चालणे आणि झोपताना पाय उशीवर घेणे एवढेच पुरे. व्रणावरचे मालीश, म्हणजे टाक्यांची रेषा बोटाने हलकेच फिरवून मोकळी करणे, ही निराळी गोष्ट आहे आणि ती जखम पूर्ण बंद होऊन खपली गेल्यावरच शिकून घ्यायची असते.


पुढील माहिती : भांडुपची सून

सर्वांचे मनापासून आभार. ओपीडीत दूरध्वनी केल्यावर त्याच आठवड्यात बोलावले. डॉक्टरांनी काख व मान तपासली, डॉपलरमध्ये गुठळी नसल्याचे दिसले आणि लिम्फेडेमा अजून पहिल्या टप्प्यात असल्याचे सांगितले. बँडेजचा काळ संपून आता स्लीव्ह मिळाली आहे, आणि फिजिओथेरपिस्ट ताईंनी सासूबाईंना स्वतःचे स्वतः करायचे हलके मालीश शिकवले आहे. कर्करोग पसरण्याची शंका सासूबाईंनी स्वतःच डॉक्टरांना विचारली, आणि तेव्हापासून त्या बऱ्याच निवांत आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. हात आता जवळजवळ पूर्ववत दिसतो, तर स्लीव्ह किती काळ घालावी? आणि मालीशवाल्या बाईंना पूर्णपणे नाही म्हणणे आत्येसासूबाईंना फार लागले आहे. त्यांच्याकडून बाकी अंगाचे मालीश करून घेतले तर चालेल का?


उत्तर : निवृत्त फिजिओथेरपिस्ट, माहीम

पहिल्या टप्प्यात उपचार मिळाले, हे फार चांगले झाले. पुढे ऊतींत तंतू वाढून हात कडक होतो, बोटाने दाबले तरी खळगा पडत नाही, आणि मग हीच सूज उतरवण्यास कितीतरी अधिक काळ लागतो.

स्लीव्हबाबत : हात पूर्ववत दिसतो तो तिच्यामुळेच, त्यामुळे दिसण्यावरून ती सोडू नये. दिवसा घालावी, रात्री काढावी, आणि कमी करायची झाल्यास फिजिओथेरपिस्टच्या मोजमापांवरूनच कमी करावी. हातासाठी बहुधा वर्ग २ ची स्लीव्ह, म्हणजे पाऱ्याच्या २३ ते ३२ मिलिमीटर इतका दाब देणारी, सांगतात. दुकानदाराने ‘तशीच दुसरी’ म्हणून दिलेली घेऊ नका, वर्ग व माप चिठ्ठीशी ताडून पाहा. रोजच्या वापराने साधारण सहा महिन्यांत तिचा दाब कमी होतो आणि नवी घ्यावी लागते. हा खर्च घराच्या अंदाजपत्रकात धरून ठेवा, कारण जुनी, सैल झालेली स्लीव्ह केवळ घातल्याचे समाधान देते.

मालीशवाल्या बाईंना अवश्य बोलवा. डोके, डावा हात आणि कंबरेखालचा भाग त्यांनी नेहमीप्रमाणे करावा. पायांवर सूज किंवा फुगलेल्या शिरा असतील, तर तेवढे आधी डॉक्टरांना विचारून घ्या. उजवा हात तर सोडायचाच, परंतु उजव्या बाजूची छाती व पाठीचा वरचा उजवा भागही सोडायचा, हे त्यांना नीट दाखवून सांगा. तेथील लसीकाही त्याच काखेकडे जात असते, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात. हात जपतात आणि पाठ जोराने रगडून घेतात, मग खांद्याच्या फळीखाली सूज येते व ती ब्लाउज घट्ट होईपर्यंत लक्षात येत नाही. रेडिएशन झालेल्या त्वचेवर तेलही चोळू नये, ती अजून नाजूक असते.

दर आठवड्यास एकाच वारी, सकाळी स्लीव्ह घालण्यापूर्वी, शिंप्याच्या टेपने दोन्ही हात मोजा : तळहात, मनगट, कोपराच्या खाली १० सेंटिमीटर आणि कोपराच्या वर १० सेंटिमीटर. आकडे तारखेसह वहीत लिहा. दोन हातांतील फरक आताच्या मापापेक्षा वाढत चालला, किंवा कोणत्याही एका ठिकाणी दोन सेंटिमीटरवर गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता ती वही घेऊन फिजिओथेरपी विभागात जा.